छत्तीस रस्ते आणि एक टेंभीपाडा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. बाजरीच्या शेतातून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते घरी आल्यावर सापडतात. धुळे-जळगावच्या बातम्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातलं जे छापून आलं ते दुसऱ्या दिवशी भेळेच्या कागदाला गेलं, आणि जे कॉलमात बसलं नाही ते माझ्याकडे राहिलं. त्यातले हे काही, एका फिरत्या दवाखान्याचे.

दवाखाना म्हणजे एक जुनी गाडी. आत एक डॉक्टर, एक सिस्टर, औषधांची दोन कपाटं. पिंपळनेरहून निघायची आणि पश्चिमेकडच्या पाड्यांवर फिरायची. चालवणारी संस्था धुळ्याची, देणग्यांवर चालणारी. डिझेल महागलं तेव्हा संस्थेच्या सचिवांनी, म्हणजे रमणनानांनी, ठरवलं की गाडीचा रस्ता आता संगणकाने काढायचा. त्यासाठी जळगावच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजातले भंगाळे सर आले. मूळचे भडगावचे. माणूस सरळ, फक्त बोलताना समोरच्याला सगळं समजतंय असं धरून चालणारा.

मी त्या टोळीत शिरलो तो बातमीसाठी. भांडणासाठी थांबलो.

* * *

पहिल्याच दिवशी सरांनी ड्रायव्हर निंबा आप्पाला गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून पद्धत समजावली.

"आप्पा, आधी आपण शंभर रस्ते असेच, डोळे मिटून काढायचे. त्यातले वाईट फेकायचे. उरलेल्यांच्या जोड्या लावायच्या, याचा अर्धा त्याचा अर्धा घेऊन नवे रस्ते जन्माला घालायचे. मधूनच एखाद्यात काहीतरी बदल करायचा. पुन्हा वाईट फेकायचे. असं हजार पिढ्या!"

आप्पा सत्तावीस वर्षं त्याच रस्त्यांवर गाडी चालवतोय. तो म्हणाला, "म्हणजे बैलांची निपज करतात तसं."

"अगदी! पण शेतकरी शेवटी एकच उत्तम बैल ठेवतो. आपण प्रत्येक तऱ्हेचा एकेक ठेवणार. नांगराचा वेगळा, गाडीचा वेगळा, शर्यतीचा वेगळा. छत्तीस पेट्या केल्यात. कमी डिझेलवाल्या रस्त्यांची एक, लांबच्या पाड्यांपर्यंत जाणाऱ्यांची एक, दुपारच्या आत परत येणाऱ्यांची एक. प्रत्येक पेटीत त्या तऱ्हेतला सगळ्यांत चांगला रस्ता तेवढा राहतो. म्हणजे अडचण आली की हाताशी दुसरा असतो."

आप्पाने कागदाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मला म्हणाला, "भाऊ, हाऊ तं बैलबाजार शे!"

इतकं सोपं मला नंतर कुणीही समजावलेलं नाही. सरांनीसुद्धा.

* * *

पहिलं उत्तर जेवणाच्या सुट्टीत आलं. सरांनी प्रोग्रॅम लावला, आम्ही शेवभाजी खायला गेलो, परत येतो तो स्क्रीनवर विजेता तयार. सरांनी संगणकाला एकच सांगितलं होतं, "डिझेल कमीत कमी लागलं पाहिजे."

विजेता रस्ता असा : सकाळी आठ वाजता गाडी पिंपळनेरच्या आवारात उभी. संध्याकाळी सहा वाजता गाडी पिंपळनेरच्या आवारात उभी. डिझेल शून्य!

सरांचा चेहरा उतरला. गाडी आवाराबाहेर गेली पाहिजे, हे सांगायचंच राहिलं होतं.

निंबा आप्पाने कागद हातात घेतला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "सर, माले हाऊ रस्ता बराबर पटना. यात काहीच सुधारू नका."

* * *

मग सरांनी नियम वाढवले. गाडी बाहेर जायलाच हवी, पाड्यांवर थांबायलाच हवी, आणि रोग्यांना रांगेत कमीत कमी वेळ ताटकळावं लागलं पाहिजे. हा शेवटचा नियम नानांचा. देणगीदारांना सांगायला बरा.

या वेळी रस्ता झकास होता. गाडी सगळीकडे जात होती, वेळेत जात होती, आणि रांगेतला वेळ बघावा तर जवळपास नाहीच. सरांनी टाळी वाजवली. नानांनी पेढे मागवायला सांगितले.

शेवंता सिस्टर तिथेच गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. ती त्याच भागातली, कुठल्या पाड्यावर कोणाची म्हैस व्यायली इथपर्यंत माहिती असलेली. तिने वार वाचले आणि विचारलं, "सर, प्रत्येक गावाला तुम्ही नेमक्या बाजाराच्या दिवशीच गाडी कशी काय नेलीत?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी अख्खं गाव बाजाराला गेलेलं असतं. घरी राहतात कोंबड्या. रांग कशाला लागेल?"

पेढे आले होते. ते आम्ही खाल्ले.

* * *

एक रस्ता तर आम्ही चालवूनही पाहिला. नकाशात घाटाच्या पोटातून एक बारीक सरळ रेघ जात होती. संगणकाला ती फार आवडली. एक तास वाचत होता.

निंबा आप्पा गेला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"सर, आठे झाड शे. इथं, समोरच."

"रस्त्यात झाड पडलंय का?"

"पडेल नही. उभं शे. आणि रस्तामा नही, रस्ताना जागावर शे."

ती रेघ जंगलाच्या हद्दीची होती.

* * *

चुका दुरुस्त करत करत सरांच्या छत्तीस पेट्या भरल्या. हे काम त्यांनी मनापासून केलं, हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावरही ओरडलो आहे. छत्तीस वेगवेगळे रस्ते, प्रत्येक आपल्या जागी चांगला. धुळ्याला संस्थेच्या बैठकीत त्यांनी ते मांडले.

नाना म्हणाले, "छत्तीस? गुण जुळवताय का?"

"नाना, एकच रस्ता असला आणि नाल्यावरच्या फरशीवरून पाणी गेलं की गाडी बंद. छत्तीस असले की—"

"सर, तुम्ही जळगावचे. तुमच्याकडे केळीसुद्धा डझनावारी. आमच्या हॉलमध्ये एकच फ्रेम लागते. सर्वोत्तम कोणता तेवढं सांगा."

"कशासाठी सर्वोत्तम?"

"फ्रेमसाठी!"

मी मध्ये पडलो. म्हटलं, "नाना, दवाखाना फ्रेममधून चालत नाही."

नाना म्हणाले, "भाऊ, तुम्ही प्रेसवाले. चहा घ्या."

माझ्या संपादकाचंही काही वेगळं नव्हतं. मी छत्तीस रस्त्यांची बातमी पाठवली. छापून आली : 'संगणकाने शोधला एकमेव मार्ग'.

* * *

समितीत दोन तट पडले. अर्ध्यांना चार नंबरचा रस्ता हवा होता, अर्ध्यांना एकोणतीस नंबरचा. तासभर खडाजंगी झाली. शेवटी एका ज्येष्ठ आबांनी तोडगा काढला : सकाळी चार नंबर, जेवणानंतर एकोणतीस नंबर!

त्यात गाडी एकाच गावात दोनदा जात होती, तीन गावांना अजिबात जात नव्हती आणि संध्याकाळी पिंपळनेरला परतण्याऐवजी भलत्याच फाट्यावर संपत होती.

सर हात जोडून म्हणाले, "आबा, अर्धा हा अर्धा तो हे आम्हीही करतो. पण वाईट निघालं तर आम्ही ते फेकून देतो."

आबा म्हणाले, "आम्ही फेकत नसतो. आम्ही ठराव करतो."

ठराव झाला. सरांनी शेवटचा फाटा तेवढा गयावया करून बदलून घेतला. फ्रेम लागली.

* * *

वगळलेल्या तीन गावांपैकी दोन सडकेवरची होती, त्यांना जीप मिळते. तिसरा टेंभीपाडा. सतरा घरं, डोंगराच्या कुशीत. गाडी बंद झाली तर खाली उंबरफाट्याच्या थांब्यापर्यंत दोन तास उतरायचं आणि चढायला तीन.

तिथली झिमाबाई धुळ्याला आली. तिच्या मुलीला, रमीला, सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. पोर दहा वर्षांची. दर आठवड्याला सिस्टर तिला तपासायची, गोळ्या द्यायची, अंग दुखायला लागलंय का ते बघायची. दुखणं उठलं की त्या पोरीला अंगणापर्यंत चालवत नाही. तिला उंबरफाट्याला न्यायचं म्हणजे पाठीवर.

झिमाबाई फ्रेमखाली उभी राहिली आणि विचारलं, "मन्ही आंडेरले, मन्ही रमीले, गोळी कोण दी?"

नाना म्हणाले, "बाई, मी नाही काढलं तुमचं गाव. संगणकानं काढलं. चारमध्येही नाही, एकोणतीसमध्येही नाही. छत्तीसपैकी फक्त एका रस्त्यात तुमचा पाडा आहे, आणि त्याला डिझेल सगळ्यांत जास्त."

"का?"

सरांनी लॅपटॉप उघडला. "जिथे रुग्ण जास्त तिथे गाडी आधी, आणि रजिस्टरमध्ये तुमच्या पाड्याचे पाचच रुग्ण आहेत."

"पाच? आम्हना घरमाच सात जण शेतस!"

मी रजिस्टर मागितलं. पानं उलटली. सरांना संस्थेने दिलेली पानं आषाढ-श्रावणातली होती. त्या दिवसांत टेंभीपाड्याखालची फरशी पाण्याखाली असते. गाडी वर जात नाही, माणूस खाली येत नाही. मला राहवलं नाही. मी आवाज चढवला, तो खाली चहावाल्यापर्यंत गेला असं तो नंतर म्हणाला.

"नाना, फरशीवरून पाणी गेलं की वरची माणसं आजारी पडायची थांबतात का? आणि सर, तुम्ही! हजार पिढ्या मोजल्यात, एकदा महिना कोणता ते विचारलं नाहीत?"

सर खाली मान घालून म्हणाले, "नाही विचारलं." एवढं सरळ उत्तर मला या जिल्ह्यात फार कमी लोकांनी दिलंय.

नाना बिथरले. पण ते हिशेबी माणूस, समोर वार्ताहर उभा. म्हणाले, "ठीक. एक महिना पुन्हा नोंदी घ्या. गाडी ठरावाप्रमाणेच जाईल. जो रुग्ण ज्या थांब्यावर येईल, त्याचं गाव लिहा. महिन्यानंतर सर पुन्हा प्रोग्रॅम लावतील. जे येईल ते अंतिम. मग भांडायचं नाही. भाऊ, तुम्हीसुद्धा!"

मी कबूल झालो. मला वाटलं होतं, हरलो. दोन तास उतरून नाव लिहायला कोण येणार?

जिन्यात झिमाबाईने सिस्टरला थांबवलं.

"बहीण, नाव लिखाले काय लागस? ताप लागस का?"

शेवंता म्हणाली, "ताप नाही लागत. माणूस लागतो."

* * *

महिना संपला. पिंपळनेरच्या खोलीत सरांनी नव्या नोंदी भरल्या, प्रोग्रॅम लावला. नाना मुद्दाम धुळ्याहून आले होते, शेजारी खुर्ची टाकून. पेट्या एकेक भरत गेल्या. सर पुढे वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

"काय झालं?" नाना.

"टेंभीपाडा."

"त्याचं काय?"

"पहिल्या पेटीत आहे. दुसऱ्या पेटीत आहे. कमी डिझेलवाल्यांत आहे. दुपारच्या आत परतणाऱ्यांतही आहे! नाना, छत्तीसच्या छत्तीस रस्ते टेंभीपाड्यावरून जातायत!"

"मशीन बिघडलं तुमचं."

"मशीन फक्त माणसं मोजतं, नाना." सरांनी आकडा काढला. "टेंभीपाडा. रुग्ण एकशे बारा."

"सतरा घरांत?"

निंबा आप्पा दारात उभा होता. तो छताकडे बघत म्हणाला, "बठ्ठा उन्हतात, अख्खा पाडा. मी मोजलं नाही, पण उंबरफाट्याला गाडी वळवायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून आणलं होतं."

"त्याला काय झालं होतं?"

"त्याले काही नही व्हयेल. त्याले चालता येत नही, आणि मागे राहायचं नव्हतं."

नाना उठले. "सिस्टर! खोट्या नोंदी केल्यात तुम्ही? डॉक्टरांनी सही केलीय यावर!"

शेवंता सिस्टर हातातलं काम ठेवून आली. तिने रजिस्टर नानांच्या समोर ठेवलं. "एकही खोटी नाही. प्रत्येकाला विचारलं, जे सांगितलं ते लिहिलं. डॉक्टरांनी वाचून सही केली."

नानांनी पान उघडलं. आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकलो. नावं वेगळी, वयं वेगळी, अंगठे वेगळे. पहिल्या ओळीवर रमी, वय दहा : सांधे दुखतात. उपचार, गोळ्या. त्याखाली झिमाबाई. 'काय त्रास होतो' या रकान्यात सिस्टरच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : गाडी येत नाही.

त्याखालच्याला : गाडी येत नाही.

त्याखालच्याला : गाडी येत नाही.

नानांनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. खाटेवरच्या म्हाताऱ्यापाशी त्यांचं बोट थांबलं. त्याच्या ओळीत पुढचा, उपचाराचा रकानाही भरलेला होता, आणि शेजारी डॉक्टरांची सही.

'गाडी. आठवड्यातून एकदा.'