ओळ एकशे बारा

आमच्या मॅनेजरांना कागद मोकळा दिसला की चैन पडत नसे. कोळंबी गोठवणाऱ्या आमच्या रत्नागिरीच्या कारखान्यात आलेला प्रत्येक कागद आधी पंचिंग मशीनखाली जायचा, डावीकडे दोन भोकं पडायची, टॅग ओवला जायचा आणि कागद फाइलबंद व्हायचा. पुतणीची लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी भोकं पाडून फाइलीला लावलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. अशा माणसाला मी उठताबसता 'सर' म्हणत होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत शीतगृहाचं तापमान मोजणारं एक कार्ड. कार्ड आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं जुळवून देणारा जो छोटा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. त्याच्या फ्लॉपीला आमच्या दमट हवेत बुरशी आली. हाताशी उरली ती त्याची छापील अकरा पानं. मॅनेजरांनी ती आधी फाइलीला लावली आणि मग टायपिस्ट बाईंपुढे टाकली. "जसंच्या तसं मारा. अक्कल चालवू नका."

बाई पावसहून एसटीने यायच्या. मुंबईची गिरणी बंद पडल्यावर नवरा घरी येऊन बसला होता, पदरात दोन मुलं आणि नोकरी तात्पुरती. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच महिनाअखेरीला ठरणार होतं.

त्यांनी दोन दिवसांत अकराही पानं मारली. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, त्याला मी ती दिली. त्याने पहिल्याच फटक्याला नकार दिला. ओळ एकशे बारामध्ये चूक आहे म्हणे. तिथे वापरलेलं नाव आधी कुठे सांगितलेलंच नाही.

मला तर ते नाव बरंच वर, सत्तराव्या ओळीत, ढळढळीत दिसत होतं. तीन दिवस मी दोन्ही ओळी छापील पानाशी ताडून पाहिल्या. मॅनेजर तासातासाला डोकावत. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोषी कोण हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. "बाईचं लक्ष घड्याळाकडे, दुसरं काय!" आणि तसं पत्र त्यांनी मुंबईच्या हेड ऑफिसला धाडूनही दिलं.

बाई मला एवढंच म्हणाल्या, "मी दिसलं तसं मारलं हो. नाय दिसलं ते कुठनं मारू?"

चौथ्या दिवशी मी टॅग सोडला आणि ते पान खिडकीशी धरलं. सत्तराव्या ओळीच्या वर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने माणसांसाठी एक टीप लिहिली होती. कंपायलर टिपा वाचत नाही. टीप संपल्याची खूण दिसली की तो पुन्हा वाचायला लागतो. ती खूण डाव्या कडेला, एकटीच एका ओळीत छापलेली असणार. तिथे आता गोल भोक होतं. खूण सापडेना म्हणून कंपायलरने पुढच्या टिपेची खूण येईपर्यंतचं सगळं टीप समजून गिळलं होतं, त्यात ते नावही गेलं. मी त्या खुणेची दोन अक्षरं घातली आणि पडद्यावर शीतगृहाचं तापमान उमटलं.

मी पान घेऊन मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी त्या भोकातून माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं.

"पत्र गेलंय," ते म्हणाले. "आता काय कळवू, माझं पंचिंग मशीन चुकलं म्हणून? टायपिंगची चूक असा अहवाल द्या. तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?"

असल्या दीडदमडीच्या माणसाला मी मनातल्या मनात मनसोक्त शिव्या घातल्या. तोंडाने "हो सर" म्हणालो. जागेवर येऊन अहवाल लिहिला आणि रीतीप्रमाणे तो टायपिंगला गेला. ऑफिसात टायपिस्ट एकच होती.

बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. मग बसल्या, कार्बन घातले आणि तीन प्रती मारल्या. सहीसाठी माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "बघून घ्या हो, काय चुकलंय काय."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. मी सही केली.