चाळीस जागी पाठ टेकणारे दाजी

ताईनं घरी सांगितलं की मुलगा डोंगरात कॅम्प सांभाळतो, तेव्हा आमच्या बाबांना वाटलं जावई सैन्यात आहे. ते कित्येक दिवस गल्लीभर छाती काढून फिरले. खरं काय ते कळेपर्यंत लग्न होऊन ताई दाजींच्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायलाही गेली होती.

दाजींचं काम तसं साधं. शिखराकडे जाणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथे तंबू लावायच्या चाळीस जागा आहेत. आलेल्याला जागा दाखवायची, नळ आणि संडास स्वच्छ ठेवायचे, चूल कुठे पेटवायची नाही ते दहादा सांगायचं. कडाक्याच्या थंडीत कॅम्प बंद असतो आणि उघडायच्या आधी जागा तपासायच्या असतात. ऑफिसच्या कागदावर एवढंच लिहिलेलं: 'जागा तपासणे.' त्याचा अर्थ दाजींनी आपल्या डोक्यानं लावला. ते प्रत्येक जागेवर झोपून बघत.

चेष्टा नाही करत. थंडीत जमीन गोठते, फुगते आणि आतले खडे वर सरकतात. उभ्यानं बघाल तर सगळं सपाट. पाठ टेकली की कळतं. दाजी आधी उताणे, मग उजव्या कुशीवर, मग डाव्या. टोचलं की उठायचं, छोट्या कुदळीनं खडा काढायचा, चाळलेली माती भरायची आणि पुन्हा आडवं व्हायचं. डोक्यात रक्त उतरल्यासारखं वाटलं, तर उशाची बाजू बदलायची आणि तिथे चुन्यानं रंगवलेला दगड ठेवायचा. चाळीस जागांना आठ दिवस लागत.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजतात," ताई म्हणायची. "घरातल्या गादीच्या गाठी सोडवायला यांना तीस वर्षांत सवड झाली नाही!"

माझ्या जिभेला तर हाडच नाही. मी शाळेत शिकवते; सुट्टी लागली की दरवर्षी मदतीला जायची आणि दाजींना निद्रामंत्री म्हणायची. ते हसायचे. "अगं, दिवसभर डोंगर चढून आलेला माणूस तो," म्हणायचे, "त्याला झोपसुद्धा धड द्यायची नाही का आपण?"

मागच्या वर्षी मी चहा घेऊन नऊ नंबरवर गेले. दाजी उताणे पडलेले, तोंडावर टोपी. अर्ध्या तासापूर्वी लांबून पाहिलं होतं तेव्हाही तसेच होते.

"काय दाजी, जागा फारच आवडली वाटतं? पावती फाडू का?"

ते हलले नाहीत. मी टोपी उचलली. डोळे उघडे होते आणि पाणी ओघळून कानापर्यंत गेलं होतं.

"उठता येत नाहीये गं," ते म्हणाले. "मघापासून."

"मग हाक नाही का मारायची?"

"तुझी ताई ऐकेल ना."

कुशीवर वळवून, गुडघ्यांवर आणून, शेजारच्या झाडाला धरून त्यांना उभं करायला मला दहा मिनिटं लागली. मणक्याची झीज. डॉक्टरनं हिवाळ्यातच सांगितलं होतं आणि दाजींनी तो कागद खिळ्यांच्या डब्यात लपवला होता. कुणाला सांगणार नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली.

"क्वार्टर जाईल म्हणून?" मी विचारलं.

"क्वार्टर गेलं तर गेलं, मुलगी केव्हाची बोलावतेय. पण माझ्या जागी उभ्यानं बघणारा येईल. गेटवरून एक नजर टाकेल आणि कागदावर चाळीस बरोबरच्या खुणा करेल. मग काय उपयोग?"

पोटचं पोर परक्याच्या दारात सोडून यावं, तसा त्यांचा आवाज झाला होता. मला फार वाईट वाटलं. शपथ मी मोजून पंधरा मिनिटं पाळली.

ताईनं ऐकून घेतलं, गॅस बंद केला, दाजींचं जुनं जाकीट चढवलं आणि तडक दहा नंबरवर जाऊन आडवी झाली. दाजी बघतच राहिले.

"बोला, काय करायचं?"

"अगं, तू कशाला..."

"बोला म्हणते ना!"

"श्वास सोड आधी. घाई नको करू. टोचतंय काही?"

"तीस वर्षं टोचतंय. खड्याचं विचारत असाल तर कमरेखाली एक आहे."

ताई दाजींपेक्षा वीतभर बुटकी. डोक्याकडची जमीन बघून झाली की ती खाली सरकून पायांकडची वेगळी बघायची. चौदाव्या नंबरपर्यंत ती दाजींपेक्षा कडक झाली. एकोणीस नंबर तर तिनं तीनदा नापास केला.

ऑफिसातली तपासणीची बाई आली तेव्हा ताई अडतिसाव्या जागेवर डाव्या कुशीवर होती. "या कोण?" बाईनं विचारलं. हिला चक्कर आलीय, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात दाजी बोलले.

"माझी बायको. जागा तीच तपासते. मला आडवं होता येतं, उठता येत नाही."

बाई तरुण होती, मनानं वाईट नव्हती. तिनं फाईल उघडली. "काका, हे मला लिहावं लागेल."

"लिहा. खरं तेच लिहा."

पुढच्याच आठवड्यात पत्र आलं. हा हंगाम पुरा करा, पुढच्या हंगामाला नवा माणूस. मी दाजींवर इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. हरिश्चंद्र व्हायला यांना हाच मुहूर्त सापडला! ताई मात्र मला म्हणाली, "गप बस. खोटं बोलले असते तर यांना इथे झोप लागली असती का?"

हंगाम संपला तेव्हा मी सामान बांधायला गेले. नवा माणूस चार्ज घ्यायला आला होता. चाळिशीचा, आधी कुठल्याशा गोदामावर वॉचमन, पायात कोरे करकरीत बूट. दाजींनी किल्ल्या दिल्या, रजिस्टर दिलं, टाकीचा कॉक दाखवला. मग त्याला एक नंबरवर नेलं.

"आता आडवे व्हा."

तो हसला. हसायला सोबत हवी म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मीच हसत आले होते, पण त्या दिवशी मला हसू येईना.

"काका, दिसतेय की जागा. सपाट आहे."

दाजींचा चेहरा उतरला. ते वाद घालणाऱ्यातले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले आणि घराकडे वळले.

ताई दोन नंबरवर गेली. गुडघे टेकले, हात टेकले आणि काही न बोलता उताणी झाली. साठीची बाई मातीत पडलेली बघून तो माणूस ओशाळला. जरा वेळ चुळबुळ केली. मग जाकीट काढून, घडी करून बाजूला ठेवलं आणि एक नंबरवर आडवा झाला.

दाजी परत फिरले. "श्वास सोडा," ते म्हणाले. "टोचतंय काही?"

"नाही."

"घाई नका करू."

आम्ही थांबलो. त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं तो आपणहून उजव्या कुशीवर वळला, मग डाव्या. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"इथे," तो म्हणाला. "खांद्याखाली. बारीकच आहे, पण आहे."

मी घाईघाईनं कुदळ उचलून दाजींपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मला नको," ते म्हणाले. "त्यांना दे."