साळवीचा बडी

"अरे गाढवा, बडीचा ब्लड ग्रुप विचारलाय!" सुभेदार मोरे असे गरजले की समोरच्या डोंगरावरचा बर्फ दोन इंच खाली आला.

"बी पॉझिटिव्ह, साहेब!"

"तो साळवीचा! तुझा बडी पवार आहे!"

सैन्यात प्रत्येक जवानाला एक बडी नेमून देतात. त्याचं पाणी, त्याची रायफल, त्याचे गारठलेले पाय, सगळं तुमच्या अंगावर. हल्ली डोंबिवलीच्या जिममधली पोरं अनोळखी माणसालाही म्हणतात, "बडी, जरा सरक ना." आमचे लेफ्टनंट साहेब सांगायचे, इंग्रज लेकरांनी 'ब्रदर' बोबडं म्हटलं, त्याचं 'बडी' झालं; कोणी म्हणतं, खाणीत जोडीने राबणाऱ्या मजुरांचा तो शब्द. नक्की कुणालाच ठाऊक नाही. आम्हाला खाण पटली.

मी टेंभी नाक्याचा, साळवी तिथून जवळच्याच डोंबिवलीचा. भरतीला एकत्र धावलो. मी पुढे होतो. साळवी असता तर त्याने उलटं सांगितलं असतं.

पण जोडी लावताना साळवीला मिळाला सांगलीचा जाधव आणि मला पवार. पवार घोरायला लागला की पहाऱ्यावरचा संत्री हल्ला समजून पोझिशन घ्यायचा. साळवीच्या आईच्या चकल्या जाधव खायचा, मी नुसता आवाज ऐकायचो. माझ्या जळण्यावर अख्ख्या पोस्टचा चहा उकळला असता.

एका सकाळी ०६१० ला गस्तीचं पेट्रोल निघालं. साळवी, जाधव आणि आणखी दोघे. मी रेडिओ सेटवर. ०७३५ ला जाधवचा आवाज आला.

"बर्फ सरकला. एक जण खाली गेला. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"माझा बडी. ओव्हर."

नाव घेतलं नाही त्याने. तेव्हाही माझ्या मनात आलं, एवढा हक्क! लाज वाटते, पण आलं.

जाधव हातांनी बर्फ उकरत राहिला. ०९२० ला साळवी सापडला. श्वास नव्हता. जाधवची दोन बोटं गारठ्याने गेली. हे वाढवून सांगत नाही.

गेलेल्या जवानाची काळी ट्रंक बडीने घरी न्यायची, ही आमच्या पलटणीची रीत. मी सुभेदारांपुढे उभा राहिलो.

"साहेब, ट्रंक मी नेतो. त्याची आई मला ओळखते. जाधवला डोंबिवलीच्या वाटेवरचा शीळफाटासुद्धा माहीत नाही."

सुभेदार साळवीच्या सामानाची यादी लिहीत होते. मान वर केली नाही.

"तुझा बडी जिवंत आहे. तो जेवला का, बघ."