दुखणं गेल्यावर वाजवीन

बरीच वर्षं मी भैरवनाथाच्या देवळात जायचो ते हात जोडायला कमी आणि जाब विचारायला जास्त. रांजणगावच्या एका कारखान्यात काम करताना माझ्या डाव्या खांद्याला जोराचा हिसका बसला होता. सूज उतरली, एक्स-रेच्या फोटोत काही दिसेना, पण दुखणं हटेना. तेव्हा मी नवस बोललो, "नाथा, हे दुखणं जाऊ दे, मगच पखवाजाला हात लावीन." आमच्याकडे कुणी नवसाला गोड सोडतं, कुणी पायातली चप्पल. मी जीव की प्राण होतं तेच सोडलं आणि देव पावायची वाट बघत बसलो.

आमचं गाव इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठाला. दर रविवारी देवळात भजन असतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गायचे तेव्हा माइक बंद पडला तरी कुणाच्या ध्यानात येत नसे. पोरवयापासून त्यांना पखवाजाची साथ माझीच. नवसानंतर मी खांबाला टेकून, हात पोटाशी जपून नुसता ऐकत बसू लागलो. आप्पा दर रविवारी विचारायचे, दुखतंय का. मी हो म्हणून मान हलवायचो. मग आराम कर म्हणायचे आणि नुसत्या टाळांवर गायचे. घरातही मला कुणी पाण्याची कळशी उचलू देत नव्हतं. सगळे मायेनंच करत होते. पण हात वाळत चालला, आणि पुढं पुढं सदरा घालतानाही कळ यायला लागली.

शेवटी बायकोनं मला दौंडला नेलं. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी खांदा नीट तपासला. म्हणाल्या, "जखम केव्हाच भरलीय. तुमचं दुखणं खरं आहे, पण मेंदूला अजून धोका वाटतोय. तुम्ही हात जितका जपाल तितकी त्याला धोक्याची खात्री पटत जाते. दुखणं थांबायची वाट बघू नका, थोडं दुखत असतानाच हात वापरायला लागा."

मला रागच आला. बाई मला सोंगाड्या म्हणतात असं वाटलं. शिवाय दुखत असताना पखवाज वाजवला तर नवस मोडणार, त्याचं काय? पुन्हा इथं पाय ठेवायचा नाही असं ठरवून मी बाहेर बाकावर बसलो. बायको औषधं आणायला गेली होती.

शेजारी एक मुसलमान आजी रडून लाल झालेल्या नातवाला घेऊन बसल्या होत्या. सुनेला तपासायला आत नेलं होतं. आतून हाक आली तशी आजींनी "जरा धरा, भाऊ" म्हणून बाळ माझ्याकडं दिलं आणि गेल्यासुद्धा. नाही म्हणायला सवडच नव्हती. मी त्याला उजव्या खांद्यावर घेतलं आणि डाव्या हातानं पाठीवर थोपटू लागलो. थोपटता थोपटता कधी भजनी ठेका धरला गेला, मलाच कळलं नाही. बाळ झोपलं. आजी परत आल्या, म्हणाल्या, "सकाळधरनं कुणाकडं गप झाला न्हाई ह्यो. तुमच्या हाताला गुण हाय." बाळ घेऊन त्या निघून गेल्या, पुन्हा कधी दिसल्या नाहीत. खांदा तेव्हाही दुखत होता, फक्त मी त्याला भीत नव्हतो. मी नाथाचं नाव घेतलं आणि उठून परत मॅडमकडं गेलो.

व्यायाम सुरू झाला. काही दिवस बरे गेले, काही रडवणारे. देवाला अट घालण्यात मी शहाणपण समजत होतो, आणि तीच अट माझं दुखणं पोसत होती. एका सकाळी गाभाऱ्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "नवस मागं घेतो, नाथा. बरं कर किंवा नको करू, मी वाजवतो." इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण तोवर आप्पांना दम्यानं गाठलं होतं. त्यांच्या भरल्या आवाजाचे सगळे रविवार मी खांबाला टेकून घालवले, आणि ते मला नाथही परत देऊ शकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तरी उरलेलं त्यानं पदरात घातलं, म्हणून रोज हात जोडतो.

नवस मागं घेतल्यावरच्या पहिल्या रविवारी, नाद भरावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून बसलो. आप्पांनी दोन ओळी म्हटल्या आणि ते थांबले. माझा चेहरा बघून विचारलं, "दुखतंय का रं?"

"व्हय, आप्पा. दुखतंय."

"मग हळू वाजीव," ते म्हणाले आणि पुढच्या ओळीसाठी दम गोळा करू लागले. तो येईपर्यंत मी ठेका चालू ठेवला.