पुसून न घेतलेली जागा
शेंगाचटणीचा वास आला की मला सोलापुरातल्या आमच्या ऑफिसची मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरची, गार खोली आठवते, आणि माझ्या शेजारी डबा उघडून बसलेली, माढ्याहून आलेली नवी मुलगी. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. असेम्ब्लर या जुन्या संगणकभाषेत सिस्टिमकडून एखादं काम करून घ्यायचं, तर त्याचा तपशील आधी मेमरीत एका जागी मांडून द्यावा लागतो. तिला प्रोग्रॅममध्ये आणखी एक काम जोडायचं होतं. मी म्हणालो, "वेगळी जागा कशाला? पहिल्याचीच वापर की." ती जागा आधी पुसून घ्यायची असते, हे मी सांगितलं नाही; मीही कधी पुसत नव्हतो, माझं नशिबानं चाललं होतं. पहिल्या कामाचा उरलासुरला तपशील दुसऱ्यात मिसळला आणि ऐन पगाराच्या दिवशी सगळं बंद पडलं. "ही अक्कल कुणाची?" साहेब कडाडले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी प्रिंटरमधला कागद सरळ करत बसलो. "माझीच, सर," ती म्हणाली. तिला कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमच्या प्रोग्रॅममध्येबी तसंच राहिलं होतं. पुसायची ओळ घातलीय मी. कुणाला बोलले न्हाय." आता नव्या मुलांना मी ती ओळ तिचं नाव घेऊन शिकवतो. ती पुढं कुठं गेली, असं कुणी विचारलं की, लग्न ठरलं म्हणून सोडून गेली, असं सांगत आलोय. ते खोटं आहे.