दाराशी आलेली होडी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोनदा लिहून कागद फाडले. या सदरातले अनुभव मी वाचत आलोय आणि खरं सांगायचं तर काहींना मनातल्या मनात हसलोही आहे. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. चिपळूणचा माणूस, आयटीआय करून चाळीस वर्षं रेफ्रिजरेशनमध्ये काढली. कॉम्प्रेसरमधून आवाज आला की बेअरिंग गेलेलं असतं, भूत नसतं... एवढंच माझं तत्त्वज्ञान.

आज वय शहात्तर. दुबईत अल बर्शाला मुलाकडे, समीरकडे राहतो. त्याआधी वीसेक वर्षं शारजाच्या औद्योगिक भागात कोल्ड स्टोरेजच्या वर्कशॉपमध्ये होतो. आणि त्याच्याही आधी, साधारण पस्तीस वर्षांपूर्वी, चार वर्षं टांझानियात – म्वांझा नावाच्या गावी. व्हिक्टोरिया तळ्याच्या काठावर मासे गोठवून परदेशी पाठवणारी एक फॅक्टरी होती, तिथला फ्रीझिंग प्लांट माझ्याकडे होता.

आफ्रिकेच्या गोष्टी मी दुबईत खूप सांगितल्या आहेत. गणपतीला, कोजागिरीला चार मराठी घरं जमली की कोणीतरी म्हणायचंच, "काका, ते तळ्यावरच्या चिलटांच्या ढगांचं सांगा ना." मग मी सांगायचो. तळ्यावरून चिलटांचे काळे ढग कसे उठायचे, दिवा लावला तर आमटीत कसे पडायचे. लोक हसायचे. पण एक शब्द मात्र मी या घरात कधी उच्चारला नव्हता.

तो शब्द म्हणजे 'होडी'.

म्वांझात पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरच्या दाराबाहेरून हाक आली – "होऽडी!" सुनंदा, माझी बायको, आतून म्हणाली, "अहो, होडीवाला आलाय वाटतं. तळं जवळ आहे ना. नको म्हणून सांगा, समीरला पाण्याची भीती वाटते." मी दार उघडून खुणेने "नको, नको" म्हटलं. बाहेर कॉलनीचा वॉचमन उभा होता. टोपी हातात, चेहरा गोंधळलेला. त्याची होडी वगैरे काही नव्हती.

तिकडे दार ठोकत नाहीत. बाहेर उभं राहून "होडी" म्हणतात, म्हणजे येऊ का? घरातल्याने "करिबू" म्हणायचं, म्हणजे या. उत्तर येईपर्यंत पाहुणा पाऊल उचलत नाही. तीनदा हाक मारायची आणि तरी उत्तर आलं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं. चौथ्यांदा हाक मारणं असभ्यपणाचं. घरात माणूस असून बोलला नाही, तर ते न बोलणं हेच त्याचं उत्तर.

हे सगळं मला त्या वॉचमननेच शिकवलं. त्याला सगळे बाबा नेमा म्हणत. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. नेमा ही त्याची थोरली मुलगी. त्या हिशेबाने मी झालो बाबा समीर आणि सुनंदा झाली मामा समीर, म्हणजे समीरची आई. "तुम्ही बाबा ते ठीक आहे, पण मला मामा काय म्हणतात!" म्हणून ती खूप हसायची. बाबा नेमा रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायचा. समीर कसा आहे, मामा समीर कशी आहे, काम कसं आहे. सगळी उत्तरं मिळाल्याशिवाय तो पुढच्या गोष्टीला हात घालत नसे. घाईत असलो की मला वैताग यायचा.

आता त्या रविवारचं लिहितो.

सुनंदा आणि समीर सुट्टीत चिपळूणला गेले होते. फॅक्टरी बंद होती. कंपनीची पिकअप माझ्या दारात उभी, किल्ली माझ्याकडे. आदल्याच आठवड्यात मी बाबा नेमाच्या मक्याच्या पिठाचं पोतं त्या गाडीतून घरी पोचवलं होतं आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "ये कंपनी की गाडी है, वॉचमन की टॅक्सी नहीं!" ते डोक्यात होतं. नेमाचे दिवस भरत आलेत हेही मला माहीत होतं.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. बाहेरून हाक आली – "होऽडी." आवाज ओळखला. कशासाठी आलाय हेही ओळखलं. आणि मी काय केलं... हात लांब करून ट्रान्झिस्टरचं बटण फिरवलं. टक्. कॉमेंट्री बंद.

म्हणजे मी घरात आहे, जागा आहे, हे त्याला बाहेर कळलं.

दुसरी हाक आली. मी पंख्याकडे बघत पडून राहिलो. एवढ्यासाठी माझी नोकरी जायला नको, दुसरं कोणीतरी बघेल, असं काहीतरी मनाशी म्हणत होतो. तिसरी हाक जरा हळू आली. मग अंगणातल्या खडीवरून पावलं गेली – खर्र, खर्र. पळत नव्हती. चालत गेली.

त्याने नेमाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. ती रस्त्यातच गेली. पोटातलं मूलही गेलं.

दफनाच्या वेळी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी झोपलो होतो."

 तो म्हणाला, "मला वाटलंच. म्हणून मी जास्त हाका मारल्या नाहीत."

त्याने ट्रान्झिस्टर बंद झालेला ऐकला होता. तरी चारचौघांत माझी लाज राखली. पुढे वर्षभर रोज सकाळी तो तसाच घरातल्या सगळ्यांची चौकशी करत राहिला आणि मी मान खाली घालून उत्तरं देत राहिलो. नंतर शारजाची नोकरी मिळाली. सुनंदालाही मी हेच सांगितलं होतं की मी झोपलो होतो. समीरच्या लग्नाआधीच ती गेली, तेच खरं मानून.

आता इथलं. तीन वर्षांपूर्वीचं.

अल बर्शाचा आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. लांब कॉरिडॉर, गुळगुळीत टाइल्स, दाराला बेल. एका सोमवारी दुपारी अडीच वाजता मी पेपर वाचत होतो आणि बाहेरून हाक आली – "होऽडी."

मी उठलो, दार उघडलं. कोणी नाही. लिफ्ट खाली उभी होती. वयाचा परिणाम म्हणून सोडून दिलं. तरी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ते म्हणाले, "अंकल, या वयात एवढे चांगले कान कमी बघितलेत."

पुढच्या आठवड्यात मी खाली सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. वर आलो तर मृणाल, माझी सून, दाराशीच उभी. ती घरूनच काम करते.

"बाबा, तुम्हाला लिफ्टपाशी कोणी भेटलं का?"

"नाही. का गं?"

"अहो, आत्ता कोणीतरी दाराशी येऊन होडी, होडी करत होतं. मला वाटलं, ती खाडीतल्या बोटींची, डाऊ क्रूझची तिकिटं खपवणारी माणसं असतात ना, त्यातलं कोणी. पण हा मराठीत कसा काय बोलतो? स्पष्ट होडी म्हणाला! माझी मीटिंग चालू होती. मी आतूनच ओरडले – नको, नकोय आम्हाला!"

माझ्या हातातली पिशवी खाली टेकली. सुनंदाने पस्तीस वर्षांपूर्वी जे ऐकलं आणि जे उत्तर दिलं, तेच हिने. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंही नव्हतं. समीर तेव्हा अगदी लहान, त्याला तो शब्द आठवतही नाही. मी नंतर विचारून पाहिलंय.

"काय झालं बाबा? पाणी देऊ?"

"काही नाही. दाराच्या होलमधून बघितलंस का?"

"बघितलं ना. कोणीच नव्हतं. बेल का नाही वाजवत ही माणसं?"

खाली सिक्युरिटीकडे जाऊन कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. तो केरळचा माणूस म्हणाला, "अंकल, दो बजे से तीन बजे तक आपके फ्लोर पे कोई नहीं गया. खलास."

दोन हाका झाल्या होत्या. तिसरी राहिली होती, आणि ती शेवटची असणार हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवण झालं की दाराशी खुर्ची टाकून बसायला लागलो. नात शाळेतून आली की विचारायची, "आजोबा, आर यू द न्यू वॉचमन?" मृणाल तिला दटावायची. समीर रात्री म्हणाला, "बाबा, करमत नाही का? पार्कमध्ये जात जा ना." मी "इन्शाल्ला" म्हणून हसून वेळ मारून नेली. मनात एकच घोकत होतो... करिबू, करिबू. या वेळी हाक आली की लगेच बोलायचं.

गुरुवारी आली. अडीचच्या सुमारास. मृणाल बाहेर गेलेली, घरात मी एकटा. "होऽडी" – दारापलीकडे, हातभर अंतरावर. तोच आवाज, जरा हळू. मी उभा राहिलो, हात दाराच्या मुठीवर ठेवला. तोंड उघडलं... आणि शब्द फुटेना.  भुताची भीती नव्हती हो. दार उघडल्यावर त्याच्या तोंडाकडे बघावं लागेल, त्याची भीती होती. किती वेळ गेला कोण जाणे.

मग पावलं दूर गेली. खर्र, खर्र – खडीवरून.

मी दार उघडलं. पॉलिश केलेल्या टाइल्स चमकत होत्या.

त्या संध्याकाळी जुन्या डायरीतून मन्सूरभाईंचा नंबर शोधला. फॅक्टरीसमोर त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मूळचे कच्छचे, जन्म म्वांझाचा. त्यांना मी सगळं सांगितलं. ट्रान्झिस्टरचंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी.  ते म्हणाले, "बूढ़ा ज़िंदा है कि नहीं, पहले ये देखने दो."

म्हणजे तो गेलाय हे मी धरूनच चाललो होतो. गेलेला नव्हता. रविवारी मन्सूरभाईंचा फोन आला.

"ज़िंदा है, भाऊ. पर दिमाग़ चला गया है. बहू बोलती है, इधर अपने ही घर में, पीछे की दीवार के सामने टोपी हाथ में लेके खड़ा रहता था. जहाँ दरवाज़ा ही नहीं है. दीवार को बोलता था, होडी. गुरुवार से बंद हुआ."

"किती वाजता उभा राहायचा?" मी विचारलं.

"बहू तो बोली, साआ साबा ना नुसु."

साबा म्हणजे सात, नुसु म्हणजे अर्धा. साडेसात. मी सुटकेचा श्वास सोडला. वेळ जुळत नव्हती, योगायोगच म्हणायचा. फोन ठेवला, पाणी प्यायला उठलो आणि तसाच थांबलो. मी विसरलो होतो. तिकडची माणसं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे दुपारचे साडेसात म्हणजे आपला दीड. आणि म्वांझात दीड वाजतो तेव्हा दुबईत अडीच वाजलेले असतात.

पुन्हा मन्सूरभाईंना फोन केला. म्हटलं, माझं त्याच्याशी बोलणं करून द्या. माझी स्वाहिली मोडकी, म्हणून विचारलं, "सॉरीला पोलेच म्हणतात ना?"

"पोले मत बोलना!" ते जवळजवळ ओरडले. "पोले मतलब, तुम्हारे साथ बुरा हुआ, मुझे दुख है. वो तो रास्ते का आदमी भी बोलता है. तुमको बोलना है निसामेहे. मतलब, मैंने बुरा किया, मुझे माफ़ करो."

मी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी ते त्याच्या अंगणात गेले आणि फोन त्याच्या कानाला लावला. मी म्हणालो, "बाबा नेमा, मी बाबा समीर."  मग तो थकलेला आवाज – "बाबा समीर! घरचं कसं आहे?"

"बरं आहे."

"समीर?"

"बरा आहे. मोठा झाला."

"मामा समीर?"

"ती गेली. पुष्कळ वर्षं झाली."

"पोले," तो म्हणाला. "पोले साना." आणि खरंच हळहळला. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे जाणार नव्हता आणि या वेळी मलाही घाई नव्हती. कागद समोर होता. मी श्वास घेतला.

तेवढ्यात तोच म्हणाला, "नेमा तळ्यावर गेलीय पाणी आणायला. नको म्हटलं तरी ऐकत नाही. दिवस भरलेत तिचे." मग आवाज बारीक करून, जरा संकोचून – "बाबा समीर, तुझी गाडी आहे ना घरी? वेळ आली तर येईन मी. तू असशील ना?"

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. माफी मागायची तर कशाची ते सांगावं लागलं असतं. त्याची नेमा अजून तळ्यावर पाणी भरत होती. तिला मी दुसऱ्यांदा मारायचं होतं का?

"ये," मी म्हणालो. "मी आहे. जागाच असेन."

"असान्ते," तो म्हणाला. आभार मानले माझे.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी तो गेला. मन्सूरभाईंचा दोन ओळींचा मेसेज आला. त्यानंतर अल बर्शाच्या दारातून मला कधी काही ऐकू आलेलं नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची हाक इतक्या दूर कशी पोचली, मृणालला ती कशी ऐकू आली, टाइल्सवर खडी कुठून वाजली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. समीर हे वाचेल तेव्हा त्याला त्याचा बाप कळेल. कळू दे.

तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. देवनागरीत, माझ्याच अक्षरात. एकच ओळ, जी मला फोनवर वाचून दाखवता आली नाही – निसामेहे, बाबा नेमा, मी झोपलो नव्हतो.