टीमच्या फिजिओला हात लावू देत नाही म्हणजे काय?

हात लावू नको म्हणे! अहो बाई, ती कॉलेजच्या टीमची फिजिओ आहे. हात न लावता तुमच्या मुलाचा गुडघा बघणार कशी?

आज कँटीनच्या दारातून मी सगळं पाहिलं. आपल्याच ह्या बायकांच्या ग्रुपमधली ही आई मैदानात ओरडत होती, "हिला बाजूला करा, कोणा गोऱ्या डॉक्टरला बोलवा!"

ती फिजिओ, केनियाची पोरगी, बर्फाची पिशवी तिथेच ठेवून माझ्याकडे आली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "आंटी, मेरा हाथ गंदा है क्या?" मी तिचा हात धरून बसले, दुसरं काय करणार?

कुवेतच्या हॉस्पिटलात आपल्या नर्स पोरींना कोणी असं बोललं की इथे सगळ्या हळहळता ना?

आता ती टीम सोडते म्हणतेय. बाई, तुमचं नाव लिहीत नाही. तिची माफी मागणार की नाही, बुधवारपर्यंत इथेच सांगा.